इशबेलच्या गाडीचे दिवे

३ नोव्हेंबर, गुरुवार

आरसा गेला. मेंढी वाचली. मेंढी गेली असती तर निदान रविवारचं जेवण झालं असतं.

मेंढी नेहमीसारखी रस्त्याच्या मधोमध बसलेली. इशबेलने वळवली गाडी आणि डावा आरसा शेजारच्या मॅक्रेच्या फाटकावर ठेवून आली. मग मलाच – "हे दिवे आहेत की मेणबत्त्या?"

मला! एकतीस वर्षं बस डेपोत मेकॅनिक होतो मी!

पण फेफऱ्यावरून डॉक्टरने माझं लायसन्स काढून घेतल्यापासून या घरात लायसन्स एकच, तिचं. दुकान अकरा मैलांवर. आणि माझ्या बायकोने सव्वीस वर्षं फिरत्या वाचनालयाची व्हॅन याच रस्त्यावर चालवली आहे. लोक सरळ जात नाहीत तितकी ती रिव्हर्स घेते. ती म्हणते दिवे कमी, म्हणजे कमीच. सत्त्याऐंशी सालची कॅम्पर आहे, आत झोपायची सोय असलेली व्हॅन, कमी असणारच.

घरी आल्यावर म्हणाली, "दिवे नीट कर, नाहीतर मी गुरुवारची तालीम सोडते." चर्चच्या गायकवृंदात चाळीस वर्षं खालचा सूर धरणारी ही एकटीच. ती सोडली तर बाकीच्या बायका नुसत्या किंचाळतील. आणि इशबेल घरात बसेल. ते मला बघवायचं नाही.

४ नोव्हेंबर

मीटर लावला. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, दिव्यापाशी जेमतेम दहा. उरलेले अडीच वाटेत जिरतात. करंट आधी डॅशबोर्डच्या बटणापर्यंत जातो, तिथून गावभर फिरून दिव्यापर्यंत पोचतो. तीस वर्षांच्या वायरी, गंजलेलं अर्थिंग – काय होणार!

उपाय सोपा. बॅटरीवरून जाड वायर थेट दिव्याला, मध्ये रिले, म्हणजे डॅशबोर्डच्या बटणाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच. शेकडो बसेसना हेच केलं. स्वतःच्या गाडीला करायला मात्र मेंढी आडवी यावी लागली.

मेहुणा हेक्टर येऊन शेडच्या दारात उभा. "भावोजी, वायरिंग कशाला करताय, अख्खा दिवाच बदला की." हेक्टरने आयुष्यात एक बल्ब बदललाय, तोही घरातला, आणि त्यावर आठवडाभर बोलत होता.

९ नोव्हेंबर

रिले बसले. बोटांची सालं गेली. दिव्यापाशी बारा पूर्णांक तीन व्होल्ट!!

१० नोव्हेंबर, गुरुवार

तालमीला गेलो. मला तर कडेचं गवतसुद्धा दिसत होतं. विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, "थोडा फरक आहे."

थोडा!

रात्री विचार केला तेव्हा कळलं. आपल्याकडचे दिवे डिप्परला डावीकडे झुकतात, समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून. म्हणजे सगळा उजेड माझ्या बाजूला. मी मजेत गवत बघतोय आणि चालवणारी अंधारात. बरोबर आहे तिचं. आणखी दम हवा.

१२ नोव्हेंबर

हेक्टरने दिव्यांची जोडी आणली. कुठल्याशा जत्रेत भंगारातल्या जर्मन कॅम्परवरून काढलेली, काच मोठी, आतला आरसा चकचकीत. बदल्यात माझी लांब शिडी हवी. दिली. त्याला छतावर चढायची हौस आहे, चढू दे. घडलं काही तर विमा त्याच्या बहिणीच्या, म्हणजे इशबेलच्याच नावावर आहे.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

काय सांगू! जाता-येता अकरा जणांनी दिवे मारून सलाम केला!

कॅम्परवाल्यांची ही रीतच आहे. समोरून आपल्यातला आला की अप्पर-डिप्पर करायचं, हात हलवायचा. पण आज पोस्टमन, मासळीचा ट्रक, मॅक्रेचा ट्रॅक्टर – सगळेच! पाद्रीबुवांनी तर तीनदा मारले, वर हॉर्न. हा माणूस चर्चच्या दारात सुद्धा हात अर्धाच उचलतो. मी खिडकी खाली करून प्रत्येकाला मनापासून हात केला.

"बघ," म्हटलं, "गाडी जरा देखणी केली तर लोक कसे प्रेमाने वागतात."

इशबेलचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, नाक काचेला टेकायचंच बाकी. ती एरवी एका हाताने चालवते, दुसऱ्या हाताने माझ्याशी भांडते.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

गाडीची वार्षिक तपासणी. नापास. तालीमही बुडाली.

तपासणीला मारी होती. तिच्या बापाबरोबर मी डेपोत काम केलं. दिव्यासमोर तिचं यंत्र लावलं, बघितलं, आणि खाली बसून हसायला लागली. पन्नाशीची बाई, डोळे पुसत होती.

"लॅकलनकाका, हे दिवे तिकडचे. ते लोक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात. हे उजवीकडे झुकतात – थेट समोरच्याच्या डोळ्यांत."

म्हणजे तो सलाम नव्हता. अकरा जणांना मी आंधळं केलं, ते बिचारे शिव्या घालत होते आणि मी खिडकीतून हात हलवत होतो. पाद्रीबुवांनाही!

मारीच्या मते ही चूक फक्त कॅम्परवालेच करतात. इतर लोकांना रस्त्यात कोणी दिवे मारले तर ते आधी स्वतःची चूक शोधतात.

भिंतीवर उजेड पाडून एकदा बघितलं असतं तर कळलं असतं. मेहुण्यावर विश्वास ठेवला. डेपोत असं एखाद्या पोराने केलं असतं तर मी त्याला महिनाभर चाकं धुवायला लावली असती.

शिडी परत मागितली. हेक्टर म्हणतो, "भावोजी, दिले-घेतले, विषय संपला."

२९ नोव्हेंबर

इकडचे दिवे आले. नवे कोरे, डावीकडे झुकणारे. बसवले, मारीने यंत्रावर लावून दिले. पास! ती म्हणाली, "काका, नव्या गाड्यांना लाजवतील हे." मान ताठ करून घरी आलो.

१ डिसेंबर, गुरुवार

रस्ता धुतलेल्या चादरीसारखा दिसत होता. मेंढीच्या कानातला बिल्ला सुद्धा दिसला मला. उजवीकडची पार लांबची भिंतही.

अर्ध्या वाटेत इशबेलने गाडी बाजूच्या जागेत घेतली. समोरून येणाऱ्याला वाट द्यायची ती जागा. समोरून कोणी नव्हतं.

"कोणी येतंय का?" तिने विचारलं.

"नाही."

तरी थांबली. मग म्हणाली, "दिवे अजून कमीच आहेत, लॅकलन."

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "मग काय दीपगृह उपटून आणून लावू?"  पहिल्या गिअरमध्ये आली सगळा रस्ता.

२ डिसेंबर

अबोला. सूप मात्र आलं.

३ डिसेंबर

नको होतं तसं बोलायला. पुन्हा मीटर लावला. सगळं ठीक. अर्थिंग पुन्हा घासलं. ते आधीच चकचकीत होतं. मला काहीच चुकलेलं सापडत नाही, आणि एवढा नालायक मी डेपोत एक दिवसही नव्हतो.

४ डिसेंबर, रविवार

साडेचारला अंधार पडल्यावर गाडी शेडसमोर दहा पावलांवर लावली. तिला म्हटलं, आज तू माझ्या जागेवर बस, डावीकडे, जिथून सगळ्यात चांगलं दिसतं. मी चालकाच्या जागेवर. आधी डिप्पर लावला, मग अप्पर. शेडचं दार पांढरं झालं. एकेक खिळा दिसत होता. दाराला टेकून हेक्टर उभा होता, गुपचूप शिडी परत ठेवायला आलेला, डोळ्यांवर आडवा हात धरून.

इशबेल सरळ त्याच्याकडे बघत होती. म्हणाली, "हं. आता अप्पर लाव."

अप्पर तर केव्हाच लागलेला होता. बटणाशी उगाच खटखट केलं. म्हणालो, "लागत नाही. माझंच वायरिंग चुकलंय. आता उन्हाळ्यापर्यंत गाडी बंद ठेवू. आणि मला डोळे तपासून घ्यायचेत, तूही चल सोबत."

"बरं," म्हणाली. लगेच. एक टोमणा नाही.