तिसऱ्या टाचणीवरची घुबडमाशी

३ तारीख, सोमवार
संग्रहालयाच्या कीटक विभागात हंगामी मदतनीस म्हणून रुजू झालो. कॉलेज मी सोडलं. आई म्हणते, सरांच्या अंगावर जर्नल फेकलं म्हणून सुटलं. तपशिलाचा फरक.
काम: आफ्रिकेतल्या, टाचणीला टोचलेल्या तीन जुन्या घुबडमाश्या. अंग चतुरासारखं, मिशा फुलपाखरासारख्या. एकीला डोकं नाही, दुसरीचं पोट किड्यांनी खाल्लंय, तिसरीला मिशा नाहीत. तिघी एकाच जातीच्या का, ते महिनाअखेर सांगायचं. जमलं तर नोकरी पक्की. विभागप्रमुख बाईंची एकच ताकीद: काहीही चिकटवायचं नाही.
समोर चित्रकार बसते. दिवसभर माझ्याच टेबलाकडे बघत होती.

४ तारीख
ती म्हणाली, तिसरी बिचारी बोडकी दिसते. पेटीच्या तळाशी दोन मिशा सापडल्या. तिसरीच्याच असणार. गोंदाचा एक थेंब. ती बाहेर गेली होती, म्हणून पटकन उरकलं.

७ तारीख
ठरवलं, चिडायचं नाही.
शिपायाने पंखा लावला. दुसरीचा पंख उडाला. मी टेबलावर मूठ आपटली. पहिलीचे दोन पाय गळले. उद्यापासून नक्की.

१३ तारीख
शोध लागला! तिकडच्या घुबडमाशीच्या जुन्या वर्णनात मिशा आखूड आहेत. तिसरीच्या चांगल्या पंखाएवढ्या लांब. म्हणजे नवी जात. तिला चित्रकाराचं नाव देणार. टाचणीखालच्या चिठ्ठीवर जात ओळखणाऱ्याचंही नाव असतं. आमची दोघांची नावं एका टाचणीला, कायमची.
आईने विचारलं, कुठल्या मुलीला माशीला आपलं नाव दिलेलं आवडतं? आईला विज्ञान कळत नाही.

२१ तारीख
चित्रकाराने विचारलं, मिशांच्या मुळाशी चकाकतंय ते काय? म्हटलं, नैसर्गिक स्राव. तिने तसंच टिपून घेतलं. माझ्यावर किती विश्वास आहे.

२८ तारीख, दुपारी ४
बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. विचारलं, हे कोणी चिकटवलं? मी म्हटलं, आधीच्या माणसाने. चित्रकाराने वही पुढे केली. तिसरीचं चित्र, बोडकं, तारीख ३. म्हणजे तेव्हा ती माशीकडे बघत होती.
पेटीत पूर्वी वेगळीच जात ठेवलेली होती म्हणे, मिशा तिच्या. गोंद सुटावा म्हणून बाईंनी ओला ब्रश लावला. मिशा निघाल्या. डोकंही निघालं, आणि बाईंच्या बोटांत त्याचा भुगा झाला.
आता दोघी बिनडोक्याच्या. बाई म्हणाल्या, तिघी एकाच जातीच्या का, हे आता कोणालाच कधी सांगता येणार नाही, आणि सोमवारपासून येऊ नकोस.
मग चिठ्ठी पुढे केली: ‘ओळख अशक्य.’ खाली ओळखणाऱ्याचं नाव लिहायचं. इथली चिठ्ठी कधी काढत नाहीत.
लिहिलं. अक्षर चांगलं आलंय.