शेजारच्या देशाच्या कायद्याने मिळालेला होकार

तीर्थरूप मामा,

खुर्चीत बसल्या बसल्या जितकं वाकता येतं तितकं वाकून नमस्कार. तुमची कंबर काय म्हणते? मामीची बोलणी वेळच्या वेळी मिळत असतील, म्हणजे बाकी प्रकृती ठीकच असणार. मी कॉलेज सोडलं तेव्हा घरात एकट्या तुमचंच डोकं ठिकाणावर होतं (माझं धरून सांगतोय), म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी एका चष्म्याच्या दुकानाची वेबसाइट सांभाळतो. मामा, तुम्हाला ठाऊक आहे का, आपण एखादी वेबसाइट उघडली की ती आपल्याच फोनमध्ये गुपचूप एक चिठ्ठी ठेवून जाते? तिला कुकी म्हणतात. पुढच्या खेपेला ती चिठ्ठी वाचून साइट ओळखते, की हेच ते गृहस्थ, मागे सोनेरी काड्यांकडे तीनदा बघून काही न घेता गेले. आमच्या साइटवर अशा चौदा निघाल्या. पाच कामाच्या, उरलेल्या नऊ कुणी ठेवल्या ते मालकांनाही माहीत नाही. मी दोन दिवस जेवण विसरून त्यांच्या मागे होतो. एक तर माणूस कुठल्या फ्रेमपाशी किती सेकंद रेंगाळला ते मोजत होती. (एवढं कुतूहल मला वर्गात वाटलं असतं तर आज आई माझ्याशी नीट बोलली असती.)

तर आता कायदा आलाय, की चिठ्ठी ठेवण्याआधी माणसाला विचारा. शुक्रवारी तपासणी, साइट नियमात बसली नाही तर साइट बंद आणि माझी नोकरीही. आमचे चष्मे शेजारच्या देशातही जातात, म्हणून मालकांनी दोन्ही देशांच्या कायद्यांचे कागद माझ्यापुढे टाकले. एकात लिहिलं होतं, की माणूस काही न बोलता पुढे वाचत राहिला तर होकार धरावा. मला हे एकदम पटलं. (पटलेली गोष्ट मी पुन्हा वाचत नाही.) साइट उघडताच समोर येईल अशी तशी परवानगीची पाटी केली. ‘हो’चं बटण हिरवंगार, ‘नको’ कोपऱ्यात, फिकट करडं.

दुकानात डोळे तपासणारी एक आहे. आडवळणाने सांगत नाही, मी पार बुडालोय. महिन्यात चारदा डोळे तपासून घेतले. दर वेळी दृष्टी उत्तम निघते, तेवढंच दुःख. त्याच झोकात तिलाही लिहून दिलं, की रविवारपर्यंत काही कळवलं नाहीस तर होकार समजेन. रविवार गेला, ती गप्प. मी मनात भांडीकुंडीसुद्धा लावली.

सोमवारी मालकांनी पाटी तपासायला तिलाच बसवलं. तिने आधी एक डोळा झाकून पडदा पाहिला, मग दुसरा, आणि विचारलं, "यातला नकार कितव्या नंबरच्या चष्म्याने दिसतो?" मी तडकलो. म्हटलं, कायद्यात बसतं ते.

"बसतं की. शेजारच्यांच्या. आपल्याकडे गप्प बसणं म्हणजे नुसतं गप्प बसणं. कशासाठी विचारतोय ते सांगायचं, हो आणि नाही सारख्या आकारात ठेवायचं. आणि दिलेला होकार कधीही परत घेता येतो."

"तू वेबसाइटबद्दलच बोलतेयस ना?"

"सध्या," म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मामा, त्या ‘सध्या’चा अर्थ मी अजून लावतोय. साइट दुरुस्त केली, बटणं जुळ्या भावंडांसारखी झाली, आणि शुक्रवारी मी पास झालो (आयुष्यात बऱ्याच वर्षांनी). मग तिला नवी चिठ्ठी दिली: हेतू स्पष्ट, मुदत नाही, हो-नाहीचे दोन सारखे चौकोन, दोन्ही रिकामे. आता वाट बघणं आलं, आणि ते मला किती जमतं ते तुम्ही जाणताच.

तुमचा तापट भाचा

ता. क. खरं काम राहिलंच. त्या रविवारी घाईघाईत मी आईला फोन करून मुलगी हो म्हणाल्याचं सांगून बसलोय. आई, बाबा आणि आत्या येत्या रविवारी तिच्या घरी बोलणी करायला निघालेत. त्यांना थांबवा. आई तुमचं ऐकते. मी स्वतः सांगायला गेलो, तर ‘तशी ती नाही म्हणाली का?’ एवढंच ती विचारत राहिली.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच तिचं उत्तर आलं. दोन्ही चौकोन कोरे. खाली तिने स्वतःच्या हाताने तिसरा काढलाय, ‘सध्या आवश्यक तेवढंच’, आणि त्यात खूण केलीय. आवश्यक म्हणजे बुधवारी दुपारी चहा, पाऊण तास. येताना मी यादी आणायची आहे, की तिच्याबद्दलची माहिती तिला न विचारता आजवर कुणाकुणाला दिली. आई, बाबा, आत्या, आणि आता तुम्ही. मामीला हे पत्र दाखवू नका, यादी आधीच लांबलीय.