बाबूजी, तुम्ही फोनवर लावलेलं माझं लग्न

प्रिय बाबूजी,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली. तेरवीला सगळे तुमच्याबद्दल चार चार शब्द बोलले. आपल्या वरातीच्या बँडमधली माणसं तर रडली. मी एक शब्द बोलले नाही. लोकांना वाटलं, पोरीला धक्का बसलाय. तसं काही नव्हतं. तुमचं कौतुक करायची मला सवय नव्हती आणि वाईट बोलावं असं काही ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालंय आणि ऐकायला तुम्ही नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मंगळवारी दुपारी पुण्याहून फोन आला. उन्हाळ्यात तिकडे तरुण मुलांना तीन आठवडे ठेवून घेऊन जॅझ शिकवतात, त्या वर्गाच्या सरांचा. माझ्या पूर्वाची निवड झाली आहे! तुम्ही तिच्या हातात ट्रम्पेट दिलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आता पंधराची आहे. होळीच्या सुमारास तिनं मोबाइलवर रेकॉर्डिंग करून पाठवलं होतं. मी आनंदानं काही बोलणार, तेवढ्यात सर म्हणाले, "गोंदियाचाच बँड ना तुमचा? फार वर्षांपूर्वी तुमच्या बँडमधली एक मुलगी आम्ही निवडली होती. पण तिच्या वडिलांनी कळवलं की तिचं लग्न ठरलंय, आता ती वाजवत नाही. कशी आहे ती? सुखात आहे ना?"

बाबूजी, ती मुलगी मी.

मी काय म्हणाले असेन? "हो, सुखात आहे," म्हणाले.

अठरा वर्षं मी समजत होते की माझी निवड झाली नाही. तुम्हीच अंगणात उभं राहून सांगितलं होतं, "तुझं नाव नाही आलं. तिथं बड्या घरचे पोट्टे असतात." त्या संध्याकाळी तुम्ही स्वतः तूप कोमट करून, वाजवून सोलवटलेल्या माझ्या ओठांना लावायला दिलंत. तोवर ते काम आईचं होतं. मला वाटलं, बाबूजींना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलंय. मला तुमची दया आली हो! आज ते तूप आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

आणि लग्न? कुठलं लग्न? माझं लग्न त्यानंतर दोन वर्षांनी झालं. तुम्ही फोनवर माझं लग्न लावलंत त्या आठवड्यात मी रोज तुमच्या गाडीत बसून लोकांच्या वराती वाजवत होते.

ती गाडी आठवते? जुनी मॅटाडोर, वर भोंगे, मागे फ्लेक्सचा पडदा. पडद्याआड मी, माझं ट्रम्पेट आणि माइक. पुढे रस्त्यावर लाल कोट घालून दादा. त्याच्या हातातही ट्रम्पेट, पण त्याचं काम फक्त गाल फुगवायचं. पोरगी रस्त्यावर वाजवताना दिसली तर लोक काय म्हणतील! मे महिन्याच्या उन्हात पत्रा इतका तापायचा की पाठ टेकवता यायची नाही. बाहेर लोक दादाच्या टोपीत नोटा खोचायचे, तोही हसून मान झुकवायचा. घरी आल्यावर मात्र माझ्याकडे बघायचा नाही बिचारा.

आणि मी जरा मनचं वाजवलं की तुम्ही बाहेरून पत्र्यावर काठी मारायचात. दोनदा. त्याचा अर्थ, गाण्यावर ये. "लोकाइले मालूम आहे तेच वाजव. आपल्या मनचं कायले घुसवून राहिली वो?" काय करू? दोन ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेत मला काहीतरी सुचायचं आणि ते ओठांवर यायचंच.

पुण्याचे ते सर तेव्हा नेमके त्यासाठीच पडद्यापर्यंत आले होते. पाहुणे होते कुणाच्या तरी लग्नाला. दादाची बोटं आणि भोंग्यातला सूर जुळत नाहीत, हे त्या एका माणसाला कळलं. वरात मंडपाशी थांबल्यावर त्यांनी पडदा बाजूला केला, मला बघितलं आणि विचारलं, "मधलं ते तुला कोणी शिकवलं?" मी घाबरून म्हणाले, "चुकून झालं जी." ते हसले. म्हणाले, "आम्ही मुलांना हेच शिकवतो. आधी सगळ्यांना माहीत असलेली चाल वाजवायची, मग तिच्यातून बाहेर पडून आपलं सांगायचं आणि परत यायचं. याला जॅझ म्हणतात." ज्यासाठी मी रोज काठी ऐकत होते, त्याचा कुठेतरी वर्ग भरतो! त्यांनी वर्गाचा पत्ता दिला आणि मी मोबाइलच्या दुकानातून माझ्या वाजवण्याची सीडी करून पाठवली. तुमचाच फोन नंबर दिला. दुसरा कुणाचा देणार होते?

नाव आलं नाही म्हटल्यावर मी मनचं वाजवणं सोडून दिलं. तुम्हाला पत्र्यावर काठी मारावी लागली नाही पुन्हा. ते तुमच्या लक्षात आलं होतं का? की बरं वाटलं, पोरगी सुधारली म्हणून? वर्गाला गेले नाही त्याचं दुःख मी गिळून टाकलं असतं. पण त्यानंतर मला काही सुचायचंच बंद झालं, बाबूजी. त्याला काय म्हणू?

बुधवारी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले मालूम होतं. सांगून काय झालं असतं? बारात तर वाजवाच लागत होती तुले." मी उठून बाहेर आले.

आता माझंही ऐका. पूर्वाला पाठवाल ना, असं सरांनी विचारल्यावर मी काय म्हणाले? "विचारून सांगते, आमचा सीझन आहे." कोणाला विचारणार होते? बँड माझ्या नावावर आहे, गाडी पूर्वाचे बाबा चालवतात, दादानं तर केव्हाच देवरीला दुकान टाकलं. विचारायला घरात माझ्यावर कोणी नाही. पण आता जमाना उलटलाय. पूर्वा रस्त्यावर सगळ्यांच्या पुढे वाजवते, लोक तिचे व्हिडिओ काढतात. बुकिंगला येणारा प्रत्येक जण बजावून सांगतो, "वो ट्रम्पेटवाली लड़की आनी चाहिए." मुलगी म्हणून तुम्ही मला लपवलंत, मुलगी म्हणून मी तिला पुढे उभी करते. मे महिन्यात मात्र दोघींनाही सुट्टी नाही.

मंगळवारी संध्याकाळीच पूर्वानं विचारलं होतं, "आई, पुण्याचा फोन आला का?"

मी म्हणाले, "नाही."

तुमची करणी कळून चार तास झाले नव्हते, आणि मी "नाही" म्हणाले! बुधवारीही म्हणाले, गुरुवारीही. आणि नुसता सीझन असता तर एक वेळ ठीक होतं. खरं सांगते, मला हेवा वाटला. पोटच्या पोरीचा हेवा! तिचं रेकॉर्डिंग मी लपून ऐकलं. दोन ओळींच्या मधे ती जे करते, ते मला आता येत नाही. तुम्हीही उभ्या जन्मात लोकांना माहीत असलेलंच वाजवलंत, बाबूजी. तुम्हाला माझा हेवा वाटला होता का? काठी मारताना तुम्ही नक्की कशावर मारत होता?

आज सकाळी मी तिला सांगितलं. वाटलं, उड्या मारेल. तिनं विचारलं, "कधी आला होता फोन?"

"मंगळवारी."

"आज शुक्रवार आहे. मंग तीन दिवस काऊन नाही सांगितलं?"

ती ताटावरून उठून गेली. अजून जेवली नाही, माझ्याशी बोलत नाही. माझं खोटं तीन दिवसांचं, तर पोरीनं ही शिक्षा दिली. तुमचं अठरा वर्षांचं आहे. मी तुम्हाला कोणती देऊ? तुम्ही तर फोटोत जाऊन बसलात!

एक शब्द मात्र देते. पूर्वा जाईल. सरांना आत्ताच तसं कळवलं आणि ती मुलगी मीच, हेही सांगितलं. रविवारी बिरसी गावच्या वरातीत पूर्वाच्या जागी पुढे मी उभी राहणार आहे. नवऱ्यामुलाचा काका फोनवर ओरडत होता, मी सांगून टाकलं, "लड़की नहीं, लड़की की माँ आएगी." वाजवायची सवय मोडून ओठ सुटलेत, सूर फाटणार आणि बिरसीची पोरं हसणार, हे मला आत्ताच दिसतंय. तरी त्या दोन ओळींच्या मधे मी काहीतरी माझं वाजवणार. काहीच सुचलं नाही, तर तेवढा वेळ रस्त्यात सगळ्यांसमोर गप्प उभी राहीन, पण लोकांना माहीत असलेलं तिथे वाजवणार नाही.

तुम्हाला माफ केलेलं नाही.

तुमची,
सीमा