रंदूवंगी पांढरी कशी?

सोमवार, ११ फेब्रुवारी

चाकाचा माऊस गेला! जावा बेटावरच्या समस्त नोकरदार स्त्रीवर्गाच्या वतीने मी निषेध नोंदवते. आमच्या आरोग्य कचेरीत धड चालणारा माऊस एकच, आणि तो हेंदार्तोसाहेबांनी ‘तात्पुरता’ नेला. साहेबांचं तात्पुरतं म्हणजे निवृत्तीपर्यंत. आता नकाशा मोठा करायला एकच बटण वीस वेळा दाबायचं. एका शहरापायी बोटं झिजणार माझी.

तरी नकाशा देखणा झालाय. डावीकडे शहर — जितके डेंग्यूचे रुग्ण, तितकी वस्ती गडद. उजवीकडे तक्ता — प्रत्येक वस्तीचं एक टिंब: किती घरांत डासांच्या अळ्या, किती रुग्ण. दोन्ही एकमेकांना बांधलेले. इकडे माऊसचा बाण न्या, तिकडे उजळतं. लिफ्टची बटणं सापडलेल्या पोरासारखे साहेब दिवसभर खेळतायत. “बू वेनिंग, उजळलं हो!” मला ‘बू’, म्हणजे बाई, म्हणायचं आणि खेळत राहायचं. उजळणारच. त्यासाठीच तर केलंय.

शुक्रवारी बैठक. सर्वांत गडद पाच वस्त्यांना फवारणी आणि औषधाची पूड. पांढऱ्या वस्त्यांना स्वच्छतेची ढाल.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

बू कस्मीना येऊन भांडून गेली. रंदूवंगी वस्तीत घरोघर जाऊन न्हाणीच्या हौदातल्या अळ्या मोजते ती. वयाने माझ्याएवढी, आवाजाने माझ्या दुप्पट.

“माझी रंदूवंगी पांढरी? ढाल देताय म्हणे आम्हाला!”

“पांढरी म्हणजे रुग्ण नाहीत, बू.”

“सात पोरी तापाने लोळतायत. त्या काय नाटक करतायत? आणा तुमचं ते यंत्र आमच्या गल्लीत, चावून घेऊ दे जरा!”

मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बघून घ्या एकदा. सगळे हसले. ती नाही हसली.

बुधवार, १३ फेब्रुवारी

सात पोरी. डोक्यातून जाईनात.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

गेले शेवटी रंदूवंगीला. कपड्यांच्या कारखान्यातल्या पोरी तिथे खोल्या घेऊन राहतात — एका खोलीत चौघी, आठ खोल्यांत मिळून एक न्हाणी. हौदात पाहिलं. पाणी वळवळत होतं. याच पाण्याने बायका अंघोळ करतात!

रिंदा नावाची पोर चटईवर पडलेली. तापाचा चौथा दिवस, अंगावर लाल पुरळ. मैत्रिणी पेरूचा रस पाजत होत्या. दवाखान्याचा कागद मागितला. पत्ता — वोनोसोबो! सातही जणींचे पत्ते असेच, लांब डोंगरातल्या गावांचे. ओळखपत्रावर जे गाव, तेच कागदावर. ओळखपत्र कोण बदलून घेतं इथे? पोरगी झोपते कारखान्याच्या भिंतीला टेकून, आणि सरकारदरबारी तिला डास चावतो आईच्या अंगणात.

आणि शहराबाहेरचे पत्ते माझ्या नकाशात येतच नाहीत.

कचेरीत परतून रुग्णांची यादी नव्याने लावली. कारखान्याकडून खोल्यांचे पत्ते घेऊन जो जिथे झोपतो, तिथे मांडला. सात नाही, एकोणीस निघाले! रंदूवंगी गडद तपकिरी झाली.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

बैठकीत तोंडघशी पडले.

साहेबांनी नकाशात रंदूवंगीवर बाण नेला. तक्त्यात काहीच उजळलं नाही. पुन्हा नेला. काही नाही. बाकी सगळ्या वस्त्यांची टिंबं आहेत, रंदूवंगीचं टिंबच नाही!

“बू वेनिंग, दोन्ही बांधलेलेत ना एकमेकांना? मग? कालपर्यंत पांढरी, आज एकदम गडद, आणि तक्त्यात पत्ता नाही. तुमच्या कस्मीनाबाईंनी अळ्या मोजल्या तरी का?”

कस्मीना मागच्या खुर्चीवर होती. “दर शुक्रवारी मोजते,” एवढंच म्हणाली.

पाचवी जागा सोमवारी दुपारपर्यंत राखून ठेवलीय. टिंब सापडलं तर रंदूवंगी, नाहीतर दुसरी वस्ती.

कुणी पुसलं? कोणी कधी काय बदललं ते फक्त साहेबांच्या पासवर्डने उघडतं, आणि साहेब बैठक उरकून तडक पुतणीच्या लग्नाला गेले. माझा संशय त्यांच्यावरच. खेळता खेळता उडवलं असणार. चाकाच्या माऊसला लायकीचा हात लागतो!

रविवार, १७ फेब्रुवारी

रिंदाला काल अतिदक्षता विभागात हलवलं. प्लेटलेट वीस हजारांखाली. आई डोंगरातून आलीय, बाहेर बाकावर बसून असते. मला म्हणाली, “आमच्याकडे थंडी हो बाई, डास कुठले?” तोंडातल्या तोंडात साहेबांना शिव्या घालत परतले. उद्या सगळ्यांसमोर विचारणार आहे.

सोमवार, १८ फेब्रुवारी

साहेबांनी नोंद उघडून दिली. टिंब पुसल्याची तारीख ९ जानेवारी. नाव माझं.

रंदूवंगीत शंभरातल्या एकसष्ट घरांत अळ्या — बाकी वस्त्या विसाच्या आत. ते एक टिंब पार उजव्या टोकाला, आणि त्याच्यापायी बाकीची सगळी डाव्या कोपऱ्यात चेंगरलेली. कारणाच्या रकान्यात मी लिहिलंय, ‘आकडा अशक्य वाटतो. तक्ता नीट दिसत नाही.’ विसरूनही गेले होते.

टिंब परत ठेवलं. साहेबांना माझं नाव सांगितलं. फवारणी मंजूर. रिंदा अजून आतच.

दुपारी रंदूवंगीला गेले. कस्मीना हौद उपसत होती. मीच पुसलं होतं, म्हटलं. तिने वर पाहिलं नाही.

“बरं. मग आता ही बादली धरा.”

धरली.