वारुणीचे पुढचे प्रकरण

अहो,

"लेखक बदलले, तरी आमच्या अंतराळकथेतली डॉ. वारुणी बदललेली नाही," असे मासिकाचे संपादक लिहितात. पहिल्या लेखकाची वारुणी यान चालवीत असे. दुसऱ्याने तिला यानात चहा करायला लावले. लेखन तुमच्याकडे आल्यावर यानाच्या कप्तानाने तिचे ग्रंथ जाळले. त्याच आठवड्यात माझा प्रबंध बंबात गेला. मग त्याने तिला कोठडीत कोंडले, आणि तुम्ही मला.

तुमच्या नव्या प्रकरणात तो तिला यानाबाहेर ढकलतो. ते मी वाचले. म्हणून मी जाते. टोकरखाड्याच्या माझ्या मैत्रिणीला, प्रमिलाबाईंना, विचारू नका. त्यांना काही ठाऊक नाही. आमटी झाकून ठेवली आहे.

परवा तुम्हीच हसत म्हणालात, "आधी कागदावर करून बघतो, मग घरी हात कचरत नाही."