दोन फुटांची पाइपलाइन

१ जानेवारी २००६, सकाळ

डायरी खताच्या दुकानातून फुकट मिळाली. पहिलं पान संकल्पाचं.

घर बांधून झालं. अंजनाचं मागणं एकच होतं. बावीस वर्षं मोरीत उकिडवं बसून भांडी घासली, आता उभ्यानं घासू द्या. म्हणून ओट्यावर सिंक. सिंकखाली गर्दी झालीय. पाण्याचा आरओ, शेजारच्या वॉशिंग मशिनचा पाइप, आणि मेहुणे अमृतराव यांनी पुण्याहून पाठवलेलं खरकटं दळायचं मशिन. तिन्हींचं आणि सिंकचं पाणी एकाच पाइपातून बाहेर काढायचं.

२२ तारखेला अंजनानं हळदीकुंकू ठरवलंय. पिंपरी पेंढारच्या चाळीस बायका नवं स्वयंपाकघर बघणार. नारायणगावचा नवनाथ प्लंबर महिनाभर 'उद्या येतो' म्हणतोय.

संकल्प: प्लंबरच्या पाया पडायचं नाही. विहिरीपासून वरच्या टोमॅटोपर्यंत बावीसशे फूट लाइन मी टाकली. इथं दोन फूट.

३ जानेवारी, दुपार

काम फत्ते. दीड तास लागला. (घड्याळात साडेपाच तास. पण लोडशेडिंग आणि जेवण धरायचं कारण नाही.)

खास गोष्ट: सिंकच्या खाली ठिबकचा जाळीचा फिल्टर बसवला. एकशेवीस मेश, म्हणजे इंचाला एकशेवीस भोकं. ठिबकचा पहिला नियम, लाइनीत घाण जाऊ द्यायची नाही. हे कुठल्या प्लंबरला सुचलं असतं?

४ जानेवारी

सिंक तुंबलं. कारण सापडलं: चहाचा चोथा. अंजनाला शांतपणे समजावलं की चोथा गुलाबाला घालावा. तिनं विचारलं, मग दळायचं मशिन कशाला? उत्तर विचारात आहे.

७ जानेवारी

आज भात. उद्यापासून ताटात एक शीत राहता कामा नये. घरात जाहीर केलं. कोणी ऐकलं असं वाटत नाही.

फिल्टर उघडून धुतला. दळलेलं खरकटं जाळीवर पिठल्यासारखं बसलं होतं. म्हणजे फिल्टर एक नंबर काम करतोय. दोष दळायच्या मशिनचा, फारच बारीक दळतं. अमृतरावांना एवढं शिकून वस्तू पारखता येत नाही.

१० जानेवारी

वॉशिंग मशिन सोडलं. फेस सिंकमधून वर आला, ओट्यावरून फिरला आणि आल्या वाटेनं परत मशिनमध्ये गेला. जाताना सिंकमधलं सगळं घेऊन गेला.

त्याच मशिनमधून निघालेला सदरा घालून ग्रामसभेला गेलो. पाठीवर मेथी होती हे सभा संपल्यावर कळलं. सरपंच गेणभाऊ माईकवरच म्हणाले, "सोपानराव, औंदा पेरा लई वर घेतलाय."

लोक हसले. हसू देत. गावात नवीन काही केलं की हसतातच.

११ जानेवारी

उपाय सापडला! कालव्याच्या पाण्याला पाळी असते, तशी पाळी. सकाळी सात ते नऊ सिंक. नऊ ते अकरा आरओ. दुपारी वॉशिंग मशिन. दळायचं मशिन आठवड्यातून एकदा, मी घरी असताना. तक्ता लिहून फ्रिजवर चिकटवला.

१४ जानेवारी, संक्रांत

तक्ता पाळला गेला नाही. पाहुणे साडेनऊला आले आणि अंजनानं बशा विसळायला घेतल्या. साडेनऊ आरओची वेळ. सांगितलं तर तिनं तिळगूळ हातावर ठेवला आणि दुपारपर्यंत बोलली नाही. 'गोड बोला' एकट्यानं म्हणण्यात अर्थ नाही.

१६ जानेवारी

दिवसातून तीनदा फिल्टर धुतोय. मळ्यात जायला सवड नाही. टोमॅटोला पाणी राहिलं.

अंजना वाण आणायला नारायणगावला गेली. हळदीकुंकवाला प्रत्येक बाईच्या हातात काहीतरी वस्तू द्यावी लागते. काय आणलं विचारलं तर म्हणाली, रोज लागणारी वस्तू आहे. पिशवी उघडू दिली नाही.

१९ जानेवारी

एका फिल्टरवर ताण येत होता. दुसरा बसवला. आता बिनघोर.

२१ जानेवारी, संध्याकाळ

पाणी ओट्यावरून उतरून देवघरापर्यंत गेलं. अंजनानं सगळं पुसून काढलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मग तिनं उद्याचे सगळे कप, बशा, वाट्या घमेल्यात भरल्या आणि अंगणात हौदाशेजारी उकिडवं बसून घासल्या. थंडी मरणाची. शेजारच्या बयाबाईंनी विचारलं, नवी मोरी कशी आहे? अंजना म्हणाली, "बघायला लई चांगली हाय."

ते ऐकलं आणि मला फार वाईट वाटलं. बावीस वर्षांत तिनं एकच गोष्ट मागितली होती.

नवनाथला फोन लावला. संकल्प मोडलेला नाही. पाया पडलो नाही, नुसती विनंती केली.

२२ जानेवारी, रविवार, रात्री

नवनाथ सकाळी आला. दोन्ही फिल्टर काढले. वॉशिंग मशिनचा पाइप वेगळा करून भिंतीतून बाहेर सोडला. चहा निवायच्या आत पाणी सळसळत निघालं.

फिल्टर हातात घेऊन म्हणाला, "भाऊ, शेतात ह्यो घाण आत जाऊ नये म्हणून लावत्यात. हितं पाइप हाय तोच घाण जायासाठी. कुणी बसवला?"

म्हटलं, आधीचा प्लंबर होता एक.

अंजना कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, "त्यो आता काम सोडतोय."

दुपारी चाळीस बायका आल्या. सिंकपुढं उभं राहून प्रत्येकीनं नळ सोडून बघितला. मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलो होतो. बयाबाईंनी विचारलं, हे कुणी बसवलं? आतून अंजनाचा आवाज आला, "ह्यांनीच. कामापायी मळ्यातबी गेलं न्हाईत." डोळ्यांत पाणी आलं. खोटं सांगत नाही.

सगळ्या गेल्यावर ती बाहेर आली. वाणातली एक वस्तू उरली होती, ती माझ्या हातावर ठेवली. चहाची गाळणी. चाळीस बायकांना तिनं गाळण्या वाटल्या होत्या.

म्हणाली, "ही तुमाला. जाळी बसवायची हौस आली का कपावर बसवा."

मग सिंकवर उभी राहून चाळीस कप घासले. मी पुसून दिले.

गाळणी वापरून पाहिली. चांगली आहे. साधारण तीस मेशची असावी.