अवो, मी इथं आहो

भंडारा. शुक्रवार, दिवेलागण.

कुंभातून परतून आज बारावा दिवस, तरी तो आवाज कानातून जात नाही.

संगमावर स्नान करून आम्ही भंडाऱ्याची मंडळी गाडीकडे निघालो होतो. हरवलेल्यांच्या भोंग्यावर एक म्हातारी रडत होती. "माताजी, पति का नाम बोलो." ती नाव घेईना. "अवो बबनचे बाबा, मी इथं आहो. मले न्याले या!" गाव विचारलं, तर आंधळगाव. आपल्या मोहाडीकडचं! सगळे हसले. आधी मीच म्हणालो, "बुढीनं भोंग्यावरही नाव नाही घेतलं राजा!" आणि गाडीत बसलो. त्या गर्दीत तिची बोली समजणारे कदाचित आम्हीच असू. मग मी काहून नाही गेलो?

आज दुकानात आंधळगावचा माणूस आला. मयताच्या तेरवीत वाटायला पितळी गडवे हवे होते. गावोगाव भांडी विकून हे दुकान उभं केलं, ते लोकांना विचारत, ऐकत. पण कोणाची तेरवी, एवढं विचारलं नाही. गडवे पुसून, बांधून दिले. तो गेला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. लिहायलाही लाज वाटते.

आत्ता बायकोची हाक आली, "अवो, जेवाले या." एरवी मी तिच्या तिसऱ्या हाकेला उठतो. आज पहिल्याच हाकेला जाऊन उभा राहिलो.

"काय झालं जी?"

"काही नाही. माझं नाव घेऊन पाह्य एकदा."

ती पदर तोंडाला लावून हसली. नाही घेतलं.